टायरमधली हवा

दर गुरुवारी, साडेसातला,
मी ट्रक लावतो स्विफ्ट करंटच्या अलीकडे,
जिथे सिग्नलचे चारही दांडे दिसतात.
बाहेर उणे एकतीस. इंजिन बंद करता येत नाही,
म्हणून माझ्या सगळ्या बोलण्याखाली
ते घरघरत राहतं, कफ झालेल्या छातीसारखं.

फोन डॅशबोर्डला टेपने चिकटवलेला.
पडद्यावर इदिल.
तिच्या मागे भिंत, भिंतीवर काहीच नाही.
ते मला आवडतं. आधीच्या बाईंच्या मागे
समुद्र असायचा, छापील, अगदी शांत.
मी ज्या समुद्रातून आलो तो तसा नव्हता.

त्या बाई वाईट नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे.
मान तिरकी करून ऐकायच्या.
मी म्हणालो, बूफिस.
त्यांनी स्पेलिंग विचारलं.
मग अर्थ विचारला.
अर्थ सांगता सांगता पन्नास मिनिटं संपली
आणि बिल मला आलं.

वजनकाट्यावरचीही गोष्ट त्यांना सांगितली होती.
पुढचे सात ट्रक सोडले, मला थांबवलं.
ट्रक कोणाचा?
माझा.
खरा कोणाचा?
बाई म्हणाल्या, त्याच्या मनात कदाचित तसं नसेल.
मी म्हणालो, कदाचित.
तो शब्द अजून जिभेला लागतो,
दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखा.

तीच गोष्ट इदिलला सांगितली.
ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
"तुझे हात कुठे होते?"

स्टिअरिंगवर.
दहावर आणि दोनवर, बोटं पसरून.
काच खाली. आतला दिवा मी आधीच लावलेला,
त्याला माझं सगळं दिसावं म्हणून.
हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.
कोणी विचारलंच नव्हतं, आणि मलाही वाटायचं,
हातांची कसली आलीय गोष्ट.

त्या गुरुवारी पुढे आम्ही फारसं बोललो नाही.

इदिल एटोबिकोकमध्ये वाढलेली.
तिची सोमाली माझ्या मुलीपेक्षा वाईट.
ट्रकला बाई करते, बर्फाला बुवा.
मी सुधारतो, ती वहीत लिहून घेते.
त्याचे पैसे मी लावत नाही.

फॉर्मवर एक रकाना आहे: घराण्यात मनाचे आजार?
मला अकरा बाप पाठ आहेत.
आईने घोकून घेतले, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
गुलेद वर्समेचा, वर्समे शिरवाचा,
शिरवा एलमीचा, एलमी रोबलेचा...
एलमीपाशी आई नेहमी घाई करायची.
"हळू म्हण," इदिल म्हणाली.

हळू म्हटलं.
एलमी विहिरीवरून परतला तेव्हा
मागे एकही जनावर नव्हतं.
नंतर बसून असायचा, तोंड झाडाकडे.
लोक दूध आणून ठेवायचे,
रात्री कोणीतरी शेजारी बसून कुराण म्हणायचं,
आणि कोणी विचारायचं नाही
की एक ते दहामध्ये किती.

"बरा झाला?"

ठाऊक नाही.
पण शिरवा त्यानंतर जन्मला.

तेवढ्यात सिग्नल गेला.
इदिल गोठली, तोंड अर्धं उघडं,
काहीतरी म्हणायच्या बेतात.
मी त्या गोठलेल्या चेहऱ्याशी बोलत राहिलो,
वीसेक मिनिटं. बाबांबद्दल. पहिल्यांदाच.
पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगावं लागेल.
तसं सांगता येईल का, बघू.

बूफिस म्हणजे फुंकणं, फुगवणं.
आत हवा भरत राहते, तिला कुठेतरी जायचं असतं,
तुम्ही मात्र जागच्या जागी.

सकाळी अठरा टायर तपासतो, गेज लावून.
थंडीत हवा आकसते, भरावीच लागते.
आज मात्र एकात जास्त निघाली,
मेडिसिन हॅटच्या पोराने हात सैल सोडलेला.
झडप दाबली.
बर्फात उकिडवा बसून तो आवाज ऐकला.
सगळी सोडायची नसते.
काट्याकडे बघत राहायचं.