हातचा

वेळापत्रकावर बुधवार, सहावा तास,
नववी ब, शा. शि.
अकरा वर्षं तो मीच घेत आलो,
वजाबाकीत शेजारच्या घरातून दशक उचलतात तसा.
"तडवी सर, दोनच उदाहरणं राहिलीत."
तडवी सर मान हलवायचे, शिट्टी खिशात टाकायचे
आणि कोठीत जाऊन लेझीम मोजत बसायचे.
बेचाळीस.
दर बुधवारी बेचाळीसच भरायच्या,
कमी होणार कशा, कुणी हात लावला तर ना.

व्यायामाचे मला दोनच प्रकार ठाऊक:
कान धरून उठाबशा
आणि अंगठे धरून उभं राहणं.
पोरांनाही तेवढेच.
घाम आला की त्यांना वाटायचं,
आपलं काहीतरी चुकलंय.

मग मार्गशीर्षात चोपड्याहून तपासणीची गाडी आली.
वजनकाटा, उंचीची पट्टी, बोटाला टोचायची सुई.
"बोरसे सर, आकडे तुम्हीच भरा, तुमचं गणित पक्कं,"
म्हणून रजिस्टर माझ्या पुढ्यात.
कल्याणी महाजन, हिमोग्लोबिन आठ पूर्णांक सहा.
हितेश वाणी, वय चौदा, वजन एकोणऐंशी;
एकच जिना चढून यायचा,
पण हजेरीला 'यस सर' म्हणायला दम जुळेपर्यंत
त्याचा नंबर उलटून जायचा.
मी गैरहजर मांडायचो.
लासूरच्या शिवारातून केळीच्या गाड्या दिल्लीकडे जातात
आणि पोरांच्या खिशात
पाच रुपयांची मसाल्याची पुडी.
सरासरी काढली.
बरोबर आलेल्या उत्तराकडे
पहिल्यांदाच बघवलं नाही.

पुढच्या बुधवारी खडू घेऊन निघालो होतो.
दारात निंबा कोळी:
"सर, आज बी गनितच शे का?"
काय झालं कोण जाणे. "नई," म्हणालो,
आणि खडूऐवजी फक्की घेतली.

मैदान म्हणजे सराटे, मुरूम
आणि कुणाची तरी बांधलेली शेळी.
तडवी सरांनी दोरी ताणली,
मी खांबापासून खांबापर्यंत रेघ मारली,
मधे फूटफूटभर आठ चौकोन.
इतकी लख्ख भूमिती
फळ्यावरही कधी जमली नव्हती.

सुरकी बारेला, शेवटचा बाक.
पाड्यावरून रोज पाच किलोमीटर चालत येते,
माझ्या तासाला झोपते.
दीड वर्षात तिचा आवाज ऐकला नव्हता मी.
पायथागोरस विचारला
तर पायाच्या नखांकडे बघायची.
ती ओरडली
तेव्हा शेळीने दावं ओढलं,
चिंचेवरचे पोपट उडाले:
खो!
एवढा मोठा आवाज
मी कुठे ठेवून दिला होता इतके दिवस,
कुठल्या कंसात?

हितेश धावला नाही, चालला. कुणीतरी हसलं.
"चाल तू," तडवी सर म्हणाले, "चालणं बी खेळच आहे."
तो चालला. एकदा खो घेतला, एकदा दिला.
शर्ट पाठीला चिकटला तसा
मधेच थांबून माझ्याकडे बघू लागला,
काय चुकलं असेल म्हणून.

मी चिंचेखाली हिशेब मांडला:
अकरा वर्षं, वर्षाला धरा बत्तीस बुधवार,
तीनशे बावन्न तास.
हातचा विसरला की पुढचं सगळं चुकतं
हे मीच शिकवतो.
परत करायचे कुणाला?
कुणी ट्रॅक्टर चालवतो, कुणी सुरतेला गेला.
एकाला पंचविशीतच शुगर निघाली,
बाजाराच्या दिवशी दिसतो गोळ्या घेताना,
वाकून पाया पडतो माझ्या.

"बोरसे सर,"
तडवी सर तोंडातली शिट्टी काढून म्हणाले,
"आठवा चौकोन रिकामा आहे."

चपला काढल्या. बसलो.
दोन्ही गुडघे एकदम वाजले, नववी ब खदखदली.
तोंड सातपुड्याकडे.
मागून पावलं येतायत,
अनवाणी, भराभर, सुरकीचीच असणार.
पाठ ताठ करून बसलोय,
तिच्या हाताची वाट बघत.