शेवटचा हात

वरळी सी-फेस, आठवा मजला, गच्चीत सागाची जमीन.
काल अक्रोडी स्टेन दिला. आज त्यावर काही नाही.
"आज का नाही?" विघ्नेश विचारतो.
मी मलमलीचा पांढरा तुकडा फळीवर घासून
त्याच्या नाकासमोर धरतो.
तपकिरी.
अजून रंग लाकडाचा झालेला नाही, बाबा,
अजून तो डब्याचाच आहे.

दोन दिवस कठडे घासले.
कात्रक बाई दाराआडून, चष्मा कपाळावर,
"सुकला का?"
मी ओंजळीतून चार थेंब शिंपडायचो.
थेंब टपोरा बसून राहिला तर थांबायचं,
फळीनं पिऊन टाकला तर चालू.
चौथ्या सकाळी फळी पाणी प्यायली.

आमच्यात थराला थर म्हणत नाहीत,
हात म्हणतात.
पहिला हात, दुसरा हात.
किती हात मारले, ठेकेदार विचारतो
आणि तेवढेच पैसे हातावर ठेवतो.

डबा खुळखुळवायचा नाही, ढवळायचा,
तळापासून, सावकाश,
झोपलेल्या पोराखालची गोधडी सरकवावी तसा.
बुडबुडा शिरला की शिरला,
उन्हात फोड होऊन उठतो.
ब्रश रेषेच्या अंगानं. आणि कठड्याकडून दाराकडे यायचं,
उलट नाही.
माझे उस्ताद गंगाराम चारी एकदा उलट गेले,
संध्याकाळपर्यंत समुद्राच्या बाजूला अडकले,
मध्ये वीस फूट ओलं वार्निश.
रिकाम्या डब्याचा त्यांनी काय उपयोग केला
ते विचारू नकोस.

बाईंना चकचकीत हवं होतं.
मी म्हटलं, बाई, वर काच नका मागू.
समोर खारा वारा, दुपारभर ऊन.
क्लिअर म्हणजे ऊनही आरपार जाणार,
वरून सगळं शाबूत दिसेल
आणि खाली लाकूड भाजत राहील.
मग एक दिवस पापुद्रे निघतील,
उन्हानं नाकाची साल निघते तसे.
त्यापेक्षा नुसतं तेल द्या.
तेल फिकं पडतं, सोलत नाही.
परत दुसरं तेल देता येतं.
शिवाय चकचकीत ओलं झालं की घसरतं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला,
पुन्हा कपाळावर ढकलला.
"मिस्टरांची मान आता वर होत नाही, मेस्त्री.
दिवसभर खालीच बघतात.
खाली थोडं आकाश असू दे."

मग मी काही बोललो नाही.
पहिला हात दिला. रात्रभर सुकू दिला.
दोनशे वीसचा पेपर, अगदी हलका,
केस विंचरल्यासारखा,
फळी दुधाळ झाली, विघ्नेश घाबरला.
पुसून घेतली. दुसरा हात, पातळ.
तिसरा त्याहून पातळ,
आणि तो विघ्नेशला नाही दिला.
गुडघे टेकून मीच मागे मागे येत राहिलो,
एकेक फळी ओली करत,
आणि एकेका फळीत ढग उतरत गेला.
उंबऱ्यापाशी आलो तेव्हा पाठ म्हणजे लाकूड.

आठ दिवस कोणी पाय ठेवला नाही.
नवव्या दिवशी बिल घेऊन गेलो.
खुर्ची बाहेर आणलेली होती, रबरी चाकं,
हनुवटी छातीला टेकलेली,
मांडीवर घडी घातलेला पेपर, न वाचलेला.
बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.
वरून एक घार गेली, बहुतेक फिशरीजच्या बाजूला.
मी वर पाहिलं.
त्यांनी पायाजवळ पाहिलं
आणि डावा पाय, सपाता घातलेला,
दोन बोटं बाजूला घेतला,
तिला जाऊ दिलं.

खाली वॉचमनच्या टेबलावर विघ्नेश बिल पुरं करत होता.
सागाची जमीन, क्लिअर, तीन हात.
"गॅरंटी किती लिहू?"
दोन पावसाळे, फार तर. मग खरवडायला बोलावतील,
आपल्याला किंवा दुसऱ्या कुणाला.
ते काही मी त्याला सांगितलं नाही.
टेम्पो आला, म्हटलं.
डबे उचल.