नाव: नाओ

"तुझं नाव काय?" कुलथेबाईंनी विचारलं.
"नाओ," तो म्हणाला.
"हो रे बाळा, नावच विचारतेय."
"नाओ."
बाईंनी चष्मा नाकावर उतरवून माझ्याकडे पाहिलं,
जशी ही खोड मीच लावली होती त्याला.

मी दुभाषी. टिळक रोडवरच्या क्लासात
चार वर्षं गिरवलेली जपानी
एरवी चाकणच्या कारखान्यांचे कागद वाहते,
आणि मे महिन्यात हे असं:
बाणेर ते बावधन, बावधन ते सूस,
शेजारी मिहोसान, मांडीवर फाईल,
फाईलमध्ये नाओचे अठरा फोटो,
कारण पहिल्या शाळेने सोळा मागितले होते
आणि मग जागा नाही म्हणून सांगितलं.

दुसरीत जागा होती, बस नव्हती.
तिसरीने शाळा सोडल्याचा दाखला मागितला.
अहो, पाच वर्षांचा आहे, बालवाडीतून आलाय.
"मग तिथून सुटल्याचं काहीतरी असेल ना?"
मी भाषांतर केलं. मिहोसाननी पर्स उघडली
आणि टेबलावर गोगलगाईचं एक स्टिकर ठेवलं.
तिकडे नाओच्या बुटांच्या खणावर होतं ते,
अजून वाचता न येणाऱ्यांसाठी, नावाच्या जागी.
निघताना तिथल्या बाईंनी नखाने सोलून दिलेलं.
क्लार्कने उलटंसुलटं करून पाहिलं.
"यावर शिक्का कुठंय?"

ही चौथी. इथे मुलाखत.
चित्रात सिग्नल. "कुठला दिवा लागलाय?"
"आओ."
निळा, मी म्हणाले, आणि जीभ चावली.
"हिरवा आहे तो."
मी समजावत बसले: त्यांच्याकडे सिग्नलचा हिरवा
निळाच असतो, जुनी सवय आहे भाषेची,
कोवळी पानंसुद्धा निळी, हिरवं सफरचंदही...
"असेल. पुण्यात हिरवाच," कुलथेबाई म्हणाल्या.
मग जरा थांबून, "आणि तसंही
सिग्नलकडे बघतंय कोण इथे."
प्रवेश तिथेच झाला असं मला वाटतं.
फॉर्म नंतरचा.

फॉर्म कॉम्प्युटरवर. आडनाव झालं, नाव झालं,
मधलं नाव रिकामं ठेवलं की चौकट लाल.
टिंब दिलं, घेईना. रेघ दिली, घेईना.
"मध्ये कोण असतं?" मिहोसाननी विचारलं.
वडील, मी म्हणाले.
आणि का कोण जाणे, पुढे जोडलं: किंवा आई.
अकरा वर्षांत एवढं चुकीचं भाषांतर
मी कधी केलं नव्हतं.
त्यांनी सरळ टाइप केलं: मिहो.
चौकटीची लाली गेली. कुलथेबाईंनी पाहिलं,
काही बोलल्या नाहीत. परदेशी माणसाला चालत असावं.

माझ्या लेकीच्या फॉर्मवर, निळ्या शाईत,
मधे मीच होते. काउंटरपलीकडून
व्हाइटनरची बाटली पुढे सरकली:
"उगाच दहावीला अडचण येते हो, ताई."
मी माझ्यावर पांढरं फासलं, फुंकर मारली,
वाळायला वेळ लागतो, मागे रांग होती,
आणि वर त्याचं नाव लिहिलं
ज्याला ती कितवीत आहे हेही ठाऊक नाही.
झेरॉक्सवर काही दिसत नाही.
मूळ प्रतीवर बोट फिरवलं की लागतो
अजून एक खवला.

"पैसे कधी भरायचे?" मिहोसान विचारत होत्या.
सोमवारी, दहा ते साडेबारा,
त्यानंतर खिडकी बंद, मग कोणीही असो.
हे मात्र मी शब्दशः सांगितलं.

गाडीत नाओ खिडकीला नाक लावून होता.
गोगलगाय त्याने स्वतःच्या गुडघ्यावर चिकटवली होती.
पाषाणच्या चौकात तो एकदम ओरडला,
"आओ!"
ड्रायव्हर मोहोळमामा
केव्हाच निघालेले.