मानशीतला वरवंटा

मानस म्हणजे तुमच्याकडे मन.
आमच्या चोडणात ते एक दार आहे,
जुन्या लाकडाचं, दोन झडपांचं,
ओहोटीला आपणहून उघडणारं,
भरतीला आपणहून मिटणारं.
खाजणातल्या भाताला इतकंच पुरतं.

यंदा मानशीची पावणी प्रेमानंददादानं घेतली.
त्यानं आठवीत शाळा सोडली म्हणून मी पणजीला शिकले,
पुढे मातीच्या प्रयोगशाळेत लागले.
फेरीचे पैसे तो सुटे मोजून द्यायचा,
ओल्या खिशातले, कोळंबीचा वास असलेले.
हे आधी लिहून ठेवते.

पौर्णिमेच्या रात्री टॉर्च घेऊन बांधावर गेले,
पाण्याचा खारेपणा मोजायला.
दार मिटलं नव्हतं.
नदी आत येत होती, शेवटे, काळुंद्रे, वाघ्या सुंगटं घेऊन,
घाई नव्हती तिला.
आणि झडपेच्या फटीत
आईचा वरवंटा.

मिक्सर आल्यापासून तो हरवला असं आम्ही म्हणायचो.
एका टोकाला टवका, मी पाडलेला, सात वर्षांची असताना.
टवक्यात शेवाळ.

दादाला वाईट म्हणू नका.
सुलक्षाची नर्सिंगची फी आहे,
वहिनीचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा.
एका उधाणात महिन्याची सुंगटं येतात.
आणि शेत बावीस कुळांचं,
त्यातली चौदा पोर्तुगालच्या पासपोर्टावर स्विंडनला.

पण माझ्या टेबलावर एक पत्र आहे,
कुठल्याशा नदीच्या मुखाजवळून, एका बाईचं.
समुद्र त्यांच्या अंगणात आलाय.
कोरगुटाचं बी उरलंय का, विचारते,
खाऱ्यात उगवणारं. मूठभर चालेल.
तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
ती माझी कुणी लागत नाही.
तिचा नातू तर अजून जन्मलाही नसेल.

कोरगूट खारं सोसतं, खरंय.
पण सोसण्यालाही ओहोटी लागते.

वरवंटा ओढला. हात सोलला.
दार मी नाही, नदीनंच मिटवलं.

अर्जात रकाना होता: अडथळा कशाचा?
'दगड' लिहिलं. खोडलं.
'वरवंटा' लिहिलं.
पुढचा रकाना: कुणाचा.
पेन तिथं इतका वेळ टेकलं
की शाई खालच्या पानावर उतरली.

रविवारी दादा जेवायला आला.
पाट्यावर वाटलं होतं मी, खोबरं, मिरची,
बांगड्यात तिरफळं.
पहिल्या घासाला थांबला.
"मिक्सरचं नव्हे हे."
"नव्हे."
मग काही बोलला नाही.
काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत राहिला,
माझ्यासाठी काढून ठेवायचा, तसे.
हात धुताना, पाठमोराच:
"दिलास अर्ज?"

अडीचची भरती होती.
दोघांनी एकदमच घड्याळ पाहिलं.