साठच्या आत

दिवाळीच्या आधी मी नापास झालो.
एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस,
हैदराबाद-पुणे सुताच्या गाड्या, एकदा ओरखडा नाही,
आणि आता शाळेच्या बसवर बसायचं तर ही वरची परीक्षा.
तीत नापास.

नदाफ मॅडमनी कागद पुढे सरकवला.
"ओव्हरटेक छान. आरसा, सिग्नल, अंतर, सगळं नीट.
पण काटा अठ्ठ्याहत्तरवर, दुधभाते. पाटी साठची."
मी म्हटलं, मॅडम, ओलांडताना काटा बघतंय कोण?
त्या म्हणाल्या, "मी."

रात्री झोप नाही.
येमूल उस्ताद, जाऊन बारा वर्षं झाली तरी
बाजूच्या सीटवर मांडी घालून,
विडी विझलेली, पंजा माझ्या गुडघ्यावर:
"दुसऱ्याच्या अंगणात शिरलास ना बे?
मग तिथं गप्पा मारत बसू नको.
त्वरगा! दाब, आणि आपल्या घरी ये."
या एका वाक्यावर मी जिवंत आहे.

बायकोनं दिवा लावला. कसला हिशेब? कुणाचं देणं?
मी वीजबिलाच्या पाठीवर मांडत होतो:
पुढचा पन्नासनं, मी साठनं,
दहाच्या फरकानं सोळा सेकंद,
सोळा सेकंदांत पावणेतीनशे मीटर,
समोरून येणाराही तेवढाच येणार.
होटगी रोडला एवढा रिकामा रस्ता
पहाटे मिळतो, नाहीतर कर्फ्यूत.

माघात पुन्हा बोलावलं.
विमानतळाची भिंत संपली आणि पुढे टेम्पो,
टॉवेलचे गठ्ठे दोरानं आवळलेले,
वर एक पोरगं, शेंगा फोडून खात.
वेग पन्नास. नेमका पन्नास,
जणू मॅडमनीच सांगून ठेवलेला.

"जायचं असेल तर जा,"
मांडीवर पॅड, पेन्सिलीला नवं टोक.

उजवा पाय शिवशिवत होता.
एकदा रस्ता उघडला, पार पुलापर्यंत.
आरसा पाहिला, सिग्नल दिला,
चाक मधल्या पट्ट्याला टेकलं
आणि लांब उन्हात काहीतरी चकाकलं.
पत्रा? मोटरसायकल? नुसतं ऊन?
अठ्ठ्याहत्तरनं मी निघून गेलो असतो.
साठनं नाही.
सिग्नल बंद केला. परत मागे.

दुधाचे कॅन होते. दोन.
मधे मफलर बांधलेला म्हातारा, आपल्याच तंद्रीत.
त्याला काय माहीत, त्याच्यापायी
उस्ताद आणि मॅडम
रात्रभर माझ्या डोक्यात भांडले होते.

मग मी मागेच राहिलो. तीन किलोमीटर.
एकतीस वर्षांत कुणाच्या मागे एवढा राहिलो नव्हतो.
टरफलं उडून काचेवर येत,
टप्,
आणि घसरून जात.
पोरानं एकदा मूठ पुढे केली, घ्या म्हणाला असेल.
मला हसू आलं. पेन्सिल काहीतरी लिहून गेली.
हसण्याचे मार्क कापतात की काय, कोण जाणे.

होटगी स्टेशनच्या अलीकडे टेम्पो डावीकडे वळला.
रस्ता एकदम मोठा झाला, मोकळा, बिनकामाचा.

"ओव्हरटेक केलंच नाही तुम्ही," आरटीओच्या फाटकात मॅडम.
जागाच झाली नाही की ओ, मी म्हटलं.
"हं." पेन्सिल कानामागे. "पत्र येईल."

घरी निघालो माझ्या जुन्या लुनावर.
सात रस्त्याच्या पुढे मागून एक पोर आलं,
पाठीला कॉलेजची बॅग, अंगठा हॉर्नवर चिकटलेला,
त्वरगा, त्वरगा.
मी मूठ जरा सैल सोडली,
अंग डावीकडे घेतलं. जा बाबा,
पोच लवकर आपल्या घरी.

हेही उस्तादांनीच शिकवलेलं.
मॅडमच्या कागदावर
याला रकाना नाही.