कोरी जागा

तिसऱ्यांदा जेल चालवला.
सदतीसच्या आसपास एक काळी रेघ यायला हवी,
मांजरानं डोळे किलकिले केल्यासारखी.
आली नाही.
शेजारी, निरोगी रक्ताच्या रांगेत ती ठसठशीत.
म्हणजे हात माझा चुकलेला नाही.
एकतीस वर्षं पिपेट धरलंय, कळतं मला
चुकीची कोरी जागा कशी दिसते
आणि खरी कशी.

तार्तूत साडेतीनलाच दिवे लागलेत.

नमुना नार्वाच्या मुलाचा. चौदा महिन्यांचा.
साधी सर्दी त्याला आठवडाभर उठू देत नाही.
आई खाली बसलीय, ओला कोट मांडीवर घेऊन.
डॉक्टर काउर एस्टोनियनमधून सांगतात,
ती रशियनमधून मान हलवते.
दोघंही प्रामाणिक. मध्ये टेबल.
कुणीतरी म्हणालं, लेइडाला बोलवा,
तिची आजी पेइप्सी तळ्याकाठची.
हातमोजे काढून गेले.

"याच्यात जे नाही, ते करतं काय?"
डॉक्टर म्हणाले, सांगा, स्वतः काहीच नाही.
विकर नव्हे ते. तोडत नाही, घडवत नाही,
कशाला पेटवत नाही.
मी एवढ्यावर थांबले नाही.

म्हणाले, पेशीच्या पटलात एक टोक रुतलेलं,
बाकीचं अंग आत लोंबतं, दोरासारखं.
बाहेर शत्रू लागला की आतून कुणी येऊन
त्या दोरावर फॉस्फेटच्या गाठी मारतं.
गाठ दिसली की एक येतो, धरतो.
दुसरा येतो तो तिसऱ्याचं बोट धरून.
एरवी एकमेकांना चुकवत फिरणारे
खांद्याला खांदा लावून उभे राहतात,
मग कॅल्शियम सुटतं, आणि पेशीला उमगतं
की हाक आपल्यालाच होती.

"आणि याच्यात?"
"हाक येते. दारापर्यंत."

दोराला मी आजीचा शब्द वापरला,
बर्फाखालून जाळं ओढायच्या दोराचा.
तिची मूठ जराशी सैल झाली.
मग कोटाकडे बघत म्हणाली,
याच्याआधी एक मुलगी होती.
चार महिन्यांची गेली.
आम्हाला कुणी विचारलं नाही.

मी ते टेबलापलीकडे नेलं
एकही शब्द न वाढवता.
काउरनी पेन खाली ठेवलं.
बऱ्याच वेळानं उचललं.

अहवालावर सही त्यांची.
'रेघ आढळली नाही' एवढं वाक्य माझं.
पुन्हा खाली आले तेव्हा ती गेली होती,
खुर्चीवर कोटाची ओल
अजून वाळायची होती.