दोन नंबरची टिकली

शिरपूरला, करवंद नाक्याच्या आत,
पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती,
बुटकी, रुंद, पाठीवर स्टेपनी,
पोराला पाठुंगळी घेऊन नळावर आलेल्या बाईसारखी.

मालकांचं नाव दगाजी.
हे नाव असताना जुनी गाडी विकायला काढणं
म्हणजे धाडसच. मी हसू दाबलं.
त्यांना ते नवीन नव्हतं.
"हाई तुले दगा देवाव नही," ते म्हणाले,
"जो काय दगा शे, तो मन्हा नावमाच सरना."

दाजींनी फोनवर आधीच बजावलं होतं:
कंपनीच उठून गेली देश सोडून,
नाशिकच्या शोरूममध्ये आता गाद्या विकतात,
पार्ट कुठून आणशील?
आणि वर वापरलेली.

वापरलेली.
हा शब्द मी ह्याआधीही ऐकलाय,
दाजींच्याच बैठकीत, बारा वर्षांपूर्वी.
गाडीचा विषय नव्हता.

माझा धंदा नवऱ्या नटवायचा.
लग्नसराईत पहाटे तीनला उठायचं,
दोन पेट्या, एक रिंग लाइट
आणि काळीपिवळीवाल्याची मर्जी.
त्याने फोन उचलला तर नवरीला भुवया,
नाहीतर नुसतं कुंकू.

गफ्फारभाईने स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
मी तोवर डावं दार बघत होते.
तिरप्या उन्हात बोट फिरवलं:
खाली पुट्टी, वर बेस, वर रंग,
कडा पुसून एकजीव केलेल्या.
कारागिराचा हात बरा होता,
फक्त गालाला मान जुळली नव्हती.
"दार बदललेलं नाही, ठोकलेलं आहे," मी म्हटलं.
दगाजी म्हणाले, "बैल,"
आणि पुढे काहीच नाही.

आत, वेगाच्या काट्याखाली, काचेवर
एक मरून टिकली.
तिच्यामागे इंजिनचा पिवळा दिवा,
तीन वर्षं पेटलेला.
सेन्सर धुळ्यात नाही, इंदूरला नाही,
आणि ज्यांना विचारायचं
त्यांचा नंबर आता नुसता वाजतो.
इंजिन ठणठणीत. दिवाच खोटा.
"मंडळीना डोयामा जाये त्याना उजेड,"
दगाजी म्हणाले, आणि डाव्या सीटवरची
नसलेली धूळ झटकली.

दोन पंच्याऐंशी म्हणत होते.
दोन सत्तरला त्यांनी मान हलवली.
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस, दोन्ही चाव्या,
आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा:
चार फिल्टर, एक पट्टा, एक नाव न कळणारी नळी,
कंपनी गेली त्याच आठवड्यात
नाशिकहून उचलून आणलेलं सगळं,
पेपरात गुंडाळून, वर तारीख घालून.
लोक लोणचं घालतात तसं.

अनेरच्या पुलापर्यंत मी तिसऱ्याच गिअरमध्ये.
मागून ट्रकवाले शिव्या घालत गेले,
डावीकडे सातपुडा तेवढा सोबत,
ओव्हरटेक न करता.
दाजींचे तीन मिस्ड कॉल.
चोपडा येईपर्यंत टिकलीच्या कडेने
उजेडाची एक बारीक रेघ दिसत राहिली.

वैशाखात लासूरची सुपारी होती.
सव्वातीन वाजता पहिल्याच चावीला
गाडी जागी झाली, कुत्री झाली नाहीत.
पण दिवसभराच्या उन्हाने डिंक सुटला असावा.
टिकली पायाशी कुठेतरी पडलेली,
आणि तो दिवा समोर उघडा, पिवळा,
काळजी करणाऱ्या नातेवाइकासारखा.

मी मागची पेटी ओढली.
दोन नंबर. मरून.
नखाने दाबून धरली दोन क्षण,
नवरीची धरते तशी,
आणि जरा मागे होऊन बघितलं,
मधोमध आहे ना.